मृत्यूच्या नोंदीतला पत्ता

इटलीतल्या व्हेरोना शहरात मृत्यूंच्या नोंदी ठेवण्याची पद्धत जुनी. वय काय, बाई विवाहित होती की अविवाहित, मृत्यू कशाने आला, एवढे तरी वहीत लिहिलेले असे. १७६० ते १८३९ या ऐंशी वर्षांच्या नोंदी डोमेनिको रिगोनी-स्टर्न नावाच्या डॉक्टरांनी चाळल्या, कर्करोगाचे मृत्यू वेगळे काढले आणि १८४२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोग ओळखण्याचे शास्त्र बाल्यावस्थेत होते, क्ष-किरण माहीत नव्हते आणि संख्याशास्त्र म्हणजे बरीचशी बेरीज-भागाकाराची कला होती. या गृहस्थांजवळ होत्या फक्त वह्या आणि चिकाटी.

त्यांना आढळले की वय वाढते तसे कर्करोगाचे मृत्यू वाढतात. दुसरे असे, की या मृत्यूंत पुरुषांपेक्षा स्त्रिया कितीतरी जास्त आहेत. याचा अर्थ पुरुषांना कर्करोग होत नव्हता असा नाही. फुप्फुसाचा किंवा जठराचा कर्करोग त्या काळी ओळखणे फार अवघड असे. स्तनातली गाठ मात्र हाताला लागे आणि गर्भाशयाच्या रोगातला रक्तस्राव लपत नसे. जे दिसते तेच वहीत चढते.

तिसरे निरीक्षण सर्वांत महत्त्वाचे ठरले. व्हेरोनात ख्रिस्ती जोगिणींचे मठ होते. या जोगिणींमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू इतर स्त्रियांपेक्षा जास्त होते. गर्भाशयाच्या कर्करोगाचे मृत्यू विवाहित स्त्रियांत जास्त आणि जोगिणींत अगदी थोडे होते. यातला पहिला भाग पादुआचे वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथात १७१३ सालीच लिहून ठेवला होता.

शहर एक, हवा एक, पाणी एक. तरी मठाच्या भिंतीच्या आत एक रोग आणि भिंतीबाहेर दुसरा. बाई कशी जगते यावर ती कशाने मरते हे काही अंशी ठरते, हा धडा कर्करोगाच्या बाबतीत प्रथम इतक्या स्पष्टपणे मिळाला. त्याचे कारण कळायला मात्र बराच काळ जावा लागला. इंग्लंडमध्ये जॅनेट लेन-क्लेपन या डॉक्टर बाईंनी १९२६ साली स्तनाचा कर्करोग झालेल्या पाचशे आणि न झालेल्या पाचशे स्त्रियांची माहिती शेजारी शेजारी मांडली, तेव्हा बाळंतपणे आणि अंगावर पाजणे यांचा या रोगाशी असलेला संबंध पुढे आला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे शरीरसंबंधातून पसरणारा ‘ह्यूमन पॅपिलोमा’ विषाणू असतो हे हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या चमूने १९८३-८४ मध्ये दाखवले. त्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वहीतला प्रश्न आणि प्रयोगशाळेतले उत्तर यांच्यामध्ये सुमारे एकशे चाळीस वर्षे गेली.

व्हेरोनाच्या नोंदीत एक उणीवही होती. गर्भाशयाचे मुख आणि गर्भाशयाची पिशवी या दोन ठिकाणचे कर्करोग वेगळे आहेत, पण वहीत दोन्हींना एकच नाव होते. जुने आकडे वाचताना ‘तेव्हा या शब्दाचा अर्थ काय होता?’ हे विचारण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी लागते.

अंश आणि छेद

शहराच्या दोन भागांतल्या मृत्यूंची तुलना करायची तर नुसते मृत्यू मोजून भागत नाही. कुर्ल्यात अमुक मृत्यू आणि कुलाब्यात तमुक, एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही. मृत्यू हा अपूर्णांकाचा अंश झाला. छेदात त्या भागात राहणाऱ्या स्त्रियांची संख्या हवी. आणि तीही पुरत नाही, कारण कर्करोग वयाबरोबर वाढतो. हा मुद्दा वर्गात सहज दाखवता येतो. त्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

एका शहरात दोन वस्त्या आहेत. प्रत्येकीत एक लाख स्त्रिया. पहिली वस्ती सुखवस्तू आहे. तिथे पन्नाशीच्या आतल्या ६० हजार आणि पुढच्या ४० हजार स्त्रिया आहेत. दुसरी वस्ती गरिबांची. तिथे पन्नाशीच्या आतल्या ९० हजार आणि पुढच्या फक्त १० हजार. एका वर्षात पहिल्या वस्तीत तरुण गटात ३ आणि वयस्क गटात २०, म्हणजे एकूण २३ स्त्रिया कर्करोगाने दगावल्या. दुसऱ्या वस्तीत तरुण गटात ९ आणि वयस्क गटात ८, एकूण १७.

वर्तमानपत्राचा मथळा होईल : ‘सुखवस्तू वस्तीत कर्करोग जास्त’. आता वयोगटवार भागाकार करू. पहिल्या वस्तीत तरुण गटाचा दर लाखाला ५, दुसऱ्या वस्तीत १०. वयस्क गटाचा दर पहिल्या वस्तीत लाखाला ५०, दुसऱ्या वस्तीत ८०. म्हणजे दोन्ही वयांत गरीब वस्तीतल्या स्त्रीलाच धोका जास्त! दोन्ही वस्त्यांत ८० हजार तरुण आणि २० हजार वयस्क स्त्रिया आहेत असे धरून हेच दर लावले, तर पहिल्या वस्तीत १४ आणि दुसऱ्या वस्तीत २४ मृत्यू येतात. या युक्तीला वयाचे प्रमाणीकरण म्हणतात. ते केल्याशिवाय दोन वस्त्यांची, दोन जातीजमातींची किंवा दोन देशांची तुलना करू नये.

गरीब वस्तीत वयस्क स्त्रिया कमी का, हाही प्रश्न मुलांनी विचारायला हवा. काही वस्त्या नव्याने वसलेल्या असतात आणि तिथे तरुण माणसे कामासाठी येतात. काही ठिकाणी मात्र म्हातारपणापर्यंत पोचणेच अवघड असते.

हार्लेमचा सर्जन

व्हेरोनाच्या जोगिणी गरीब होत्या म्हणून मेल्या नाहीत. विसाव्या शतकात मात्र नकाशावरच्या रेषा गरिबीनेच आखलेल्या दिसू लागल्या. ज्युलियन ट्यूडर हार्ट हे वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्तीत काम करणारे डॉक्टर. त्यांनी १९७१ साली ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात एक नियम मांडला. चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता आणि लोकांना असलेली तिची गरज यांचे प्रमाण बहुधा व्यस्त असते, आणि सेवा बाजारावर सोडली की हे जास्तच खरे ठरते.

या नियमाचे ठळक उदाहरण न्यूयॉर्क शहरातच होते. मॅनहॅटन बेटावर जगातली काही नामांकित कर्करोग रुग्णालये आहेत. त्याच बेटावर हार्लेम हा भाग आहे. १९८०च्या सुमारास मध्य हार्लेममधले ९६ टक्के रहिवासी कृष्णवर्णीय होते आणि ४१ टक्के दारिद्र्यरेषेखाली होते. हॅरॉल्ड फ्रीमन हे सर्जन १९६७ साली हार्लेम रुग्णालयात रुजू झाले. कर्करोगाच्या गाठी काढायचे शिक्षण त्यांनी घेतले होते. पण समोर येणाऱ्या बायकांच्या स्तनातली गाठ इतकी वाढलेली असे की शस्त्रक्रियेने फारसे काही साधणार नव्हते.

फ्रीमन यांनीही वह्या उघडल्या. १९६४ ते १९८६ या काळात त्या रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगासाठी उपचार घेतलेल्या ६०६ स्त्रियांचा त्यांनी अभ्यास केला. पहिल्या टप्प्यात आलेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ६ टक्के. जवळजवळ निम्म्या शेवटच्या दोन टप्प्यांत आलेल्या. निम्म्या स्त्रियांचा वैद्यकीय विमा नव्हता. निदानानंतर पाच वर्षे जगलेल्या फक्त ३९ टक्के होत्या.

त्या वेळी एक सोपे उत्तर पुष्कळांच्या ओठांवर असे : कृष्णवर्णीय स्त्रियांचा रोगच वेगळा, जास्त आक्रमक असतो. रोगाच्या काही प्रकारांच्या बाबतीत यात थोडे तथ्य आहे. पण हा एकच खुलासा पुरेसा असता तर सगळ्या काळांत फरक सारखा राहायला हवा होता. शिकागो शहरात १९८०च्या दशकात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय स्त्रियांचा स्तनाच्या कर्करोगाचा मृत्युदर जवळपास सारखा होता. १९९०नंतर गोऱ्या स्त्रियांचा दर झपाट्याने उतरला, कृष्णवर्णीय स्त्रियांचा जागच्या जागी राहिला, आणि २००३ साली तो गोऱ्या स्त्रियांच्या दरापेक्षा ६८ टक्क्यांनी जास्त होता. वीस वर्षांत कोणाचे जनुक बदलत नाहीत. या काळात उपचार सुधारले, यंत्रे आली, आणि ती शहरात सगळीकडे सारखी पोचली नाहीत. विषमता अशीही वाढते : एकाचे दुःख वाढत नाही, पण दुसऱ्याचे कमी होते.

फ्रीमन यांनी १९७९ साली हार्लेममध्ये मोफत तपासणी सुरू केली. थोड्याच काळात लक्षात आले की तपासणीत संशय आलेली बाई पुढच्या तपासासाठी परत येतेच असे नाही. फॉर्म कळत नाही, विम्याचे कागद नाहीत, रजा मिळत नाही, मुलांना कोणाकडे ठेवायचे? म्हणून १९९० साली त्यांनी वस्तीतलीच माणसे नेमली. त्यांचे काम एकच : संशय आल्यापासून उपचार संपेपर्यंत त्या बाईबरोबर राहायचे आणि वाटेतला एकेक अडसर काढायचा. असा सोबती मिळालेल्यांपैकी सुमारे ८७ टक्के स्त्रियांनी गाठीचा तुकडा तपासून घेतला. सोबती नसलेल्यांत हे प्रमाण सुमारे ५७ टक्के होते. १९९५ ते २००० या काळात त्याच रुग्णालयात ४१ टक्के स्त्रिया अगदी सुरुवातीच्या टप्प्यात आल्या आणि पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ७० टक्के झाले.

इथे एक सावधगिरी हवी. रोग लवकर सापडला की निदानानंतरची वर्षे आपोआप जास्त मोजली जातात, मरणाची तारीख पुढे गेली नाही तरीही. त्यामुळे ३९चे ७० झाले यातला काही भाग केवळ मोजण्यातला असू शकतो. खरी कसोटी म्हणजे वस्तीतल्या सर्व स्त्रियांमागे मृत्यू किती कमी झाले हे पाहणे. ती कसोटी मोठ्या प्रमाणावर मुंबईत लावली गेली.

मुंबईची मोजदाद

परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. पण रुग्णालयातल्या रोग्यांवरून शहराचा दर काढता येत नाही, कारण तिथे बिहारपासून केरळपर्यंतचे रोगी येतात. अंशात सारा देश आणि छेदात फक्त मुंबई, असे होऊन बसते. ही अडचण दूर करण्यासाठी इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबई कर्करोग नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली भारतातली ही पहिली नोंदणी. डॉ. दा. ज. जस्सावाला यांचा तीत पुढाकार होता. नोंदणीचे कर्मचारी रुग्णालये, प्रयोगशाळा आणि महापालिकेचे मृत्युनोंदणी विभाग पालथे घालतात आणि मुंबईचे रहिवासी असतील तेवढेच रोगी मोजतात.

या नोंदींतून व्हेरोनाची आठवण करून देणारे चित्र निघाले. मुंबईच्या पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण शहरातल्या इतर समाजांपेक्षा जास्त आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कमी होते. उशिरा लग्न, अविवाहित स्त्रियांची मोठी संख्या, थोडी मुले या गोष्टी त्या समाजात आधीपासून होत्या. शिवाय हा समाज वयस्क आहे, म्हणून वयाचे प्रमाणीकरण येथे अगत्याचे; ते केल्यावरही फरक उरला. पुढील दशकांत मुंबईत एकूणच गर्भाशयमुखाचा कर्करोग कमी होत गेला आणि स्तनाचा वाढत गेला. लग्नाचे वय, मुलांची संख्या, शिक्षण, राहणीमान बदलले तसा रोगही बदलला.

ग्रामीण भागातली देशातली पहिली नोंदणी १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला सुरू झाली. खेड्यात प्रयोगशाळांच्या वह्या कुठून मिळणार? म्हणून कर्मचारी गावोगाव फिरून लोकांशी बोलत, रोगाची लक्षणे समजावून सांगत आणि संशयितांना रुग्णालयात आणत. काही वर्षांत असे दिसले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या आहेत. मोजायला गेलेली माणसे नकळत उपचाराचा पहिला भाग करून आली होती.

शिरक्यातले आम्ल आणि वीस वस्त्या

गर्भाशयमुखाचा कर्करोग सावकाश वाढतो. विषाणूची लागण आणि कर्करोग यांच्यात बहुधा दहा-वीस वर्षे जातात. एवढ्या काळात पेशींतला बदल ओळखता आला तर जीव वाचतो. पॅपानिकोलाऊ यांच्या पेशीतपासणीने श्रीमंत देशांत हे साधले. पण तिला प्रयोगशाळा, तज्ज्ञ आणि रोग्याला पुन्हा बोलावण्याची व्यवस्था लागते. झोपडपट्टीत ती कोठून आणायची?

टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ साली एक साधी पद्धत कसोटीला लावली. शिरक्यात असते ते ॲसिटिक आम्ल. त्याचे सौम्य द्रावण गर्भाशयमुखाला लावले की बिघडलेल्या पेशींचा भाग मिनिटभरात पांढरा दिसू लागतो. या पेशींत प्रथिने दाटीने असतात आणि आम्लामुळे ती तात्पुरती साकळतात. अंड्याचा पांढरा बलक आम्लात घातला तर पांढुरका होतो, तसेच काहीसे. हे पाहायला चांगला दिवा आणि शिकवलेली नजर पुरते. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन हे काम सोपवले गेले.

मुंबईतल्या झोपडपट्ट्यांचे वीस विभाग निवडले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दहा विभाग तपासणीसाठी आणि दहा तुलनेसाठी ठरले. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया यात होत्या. तपासणीच्या विभागांत दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या झाल्या. तुलनेच्या विभागांत सुरुवातीला एकदा कर्करोगाची माहिती दिली गेली.

बारा वर्षांच्या पाठपुराव्याचा निकाल २०१३ साली जाहीर झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या नव्या रोगी दोन्हीकडे सारख्याच, वर्षाला लाखामागे सुमारे २७. मृत्यू मात्र तपासणीच्या विभागांत ३१ टक्क्यांनी कमी. रोग तेवढाच, तो लवकर सापडला एवढाच फरक, आणि त्या फरकावर बायका जगल्या. याच स्त्रियांच्या स्तनांचीही तपासणी हाताने केली जात होती. तिचा वीस वर्षांचा निकाल २०२१ साली आला. रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत असा फायदा दिसला नाही. उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातल्या ५२ गटांत झालेल्या चाचणीचा निकाल २००९ साली आला होता. तिथे विषाणूसाठी एकदाच केलेल्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर आणले.

आणखी एक आकडा आम्हांला तितकाच बोलका वाटतो. मुंबईत दारापर्यंत आलेल्या तपासणीला ८९ टक्के स्त्रिया आल्या. ज्यांना पुढील निदानासाठी रुग्णालयात बोलावले त्यांतल्या ७९ टक्के पोचल्या. दर पाचांतली एक गेलीच नाही. हार्लेममध्ये फ्रीमन यांना जे अंतर दिसले तेच हे अंतर. नकाशावर ते काही किलोमीटरांचे असते. बाईसाठी ते बुडालेल्या रोजाचे, घरच्यांच्या होकाराचे आणि मनातल्या भीतीचे असते.

ज्यांना तपासले नाही त्या

या चाचण्यांवर कडक टीकाही झाली. जी तपासणी श्रीमंत देशांत कित्येक वर्षे जीव वाचवते आहे, ती तुलनेच्या विभागांतल्या हजारो गरीब स्त्रियांना का दिली नाही? त्यांची संमती घेताना त्यांना काय समजले होते? भारतीय वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात २०१४ साली यावर वाद झाला. संशोधकांचे म्हणणे असे, की त्या वस्त्यांत त्या काळी कोणतीच तपासणी होत नव्हती. कोणाचे काही काढून घेतलेले नव्हते. आणि पुराव्याशिवाय सरकारने ही स्वस्त पद्धत देशभर स्वीकारली नसती.

दोन्ही बाजूंत वजन आहे. परंतु ‘तिथे काहीच नव्हते’ हा युक्तिवाद ज्या परिस्थितीवर उभा आहे ती परिस्थितीच मुळात अन्यायाची होती, हे विसरून चालणार नाही. ज्या स्त्रियांच्या मृत्यूंनी तो ३१ टक्क्यांचा फरक सिद्ध झाला, त्या तुलनेच्या विभागांत राहत होत्या. त्यांचे देणे निकाल राबवूनच फिटू शकते.

ते कितपत फिटले? भारत सरकारने २०१६ साली तिशीपुढच्या स्त्रियांसाठी मुख, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. शिरक्यातल्या आम्लाची पद्धत त्यांत आहे. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या होत्या १.९ टक्के, आणि स्तनांची तपासणी झालेल्या ०.९ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेचे २०३०साठीचे उद्दिष्ट गर्भाशयमुखाच्या बाबतीत ७० टक्क्यांचे आहे. पुण्याच्या सीरम संस्थेने केलेली विषाणूविरोधी लस २०२२ साली जाहीर झाली. ती आजच्या मुलींना उपयोगी पडेल. त्यांच्या आयांना तपासणीच हवी.

वर्गात हा विषय घ्यायचा तर वरचे दोन वस्त्यांचे गणित मुलांकडून करून घ्यावे. मग नववी-दहावीच्या मुलामुलींना एक साधी मोजणी सांगावी. आपल्या घरापासून ही तपासणी मोफत होते असे सर्वांत जवळचे ठिकाण कोणते, तिथे जायला आईचा किती वेळ आणि किती पैसे लागतील, तिचा रोज बुडेल का, त्या दिवशी घरचे काम कोण करील, हे त्यांनी वहीत लिहून आणावे. कोणाच्या आजाराची चौकशी करायची नाही, फक्त वाट मोजायची. सगळ्यांचे आकडे फळ्यावर गावाच्या किंवा शहराच्या नकाशावर मांडले, की कोणत्या वस्तीला ही वाट सर्वांत लांब पडते ते वर्गाला दिसेल. तो नकाशा आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या किंवा महापालिका दवाखान्याच्या डॉक्टरांना जरूर नेऊन दाखवावा.